लॅपटॉपचं मोबाइल नेट तुटलं की परत आपोआप जोडतच नाही? आधी बघा, जोडायचं काम कोणाचं आहे

मुंबईत मोबाइल नेट तुटतं, हे गृहीतच धरायचं. पुण्याची गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली की तुटतं, बोरघाटात तर थोड्याथोड्या वेळाने तुटतच राहतं, बेसमेंटच्या पार्किंगमध्ये तुटतं, लिफ्टमध्ये तुटतं. संध्याकाळी सातला दादरला टॉवरवर एवढी गर्दी असते की सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसत असूनही तुटतं. ते थांबवणं आपल्या हातात नाही. तक्रार त्याच्या पुढची आहे. बोगदा संपतो, फोनवर व्हॉट्सॲपचे मेसेज धडाधड येऊ लागतात, आणि लॅपटॉप मात्र ढिम्म. शेवटी आपण खाली कोपऱ्यातल्या चिन्हावर जाऊन 'कनेक्ट' दाबतो आणि दोन सेकंदांत नेट सुरू होतं. मग त्याला स्वतःहून जोडायला काय झालं होतं?

ओळखीपाळखीतून माझ्याकडे येणाऱ्या लॅपटॉपच्या तक्रारींमध्ये ही कायम असते. येणारा माणूस बहुधा सिम बदलून, कस्टमर केअरशी हुज्जत घालून आणि कधीकधी विंडोज नव्याने टाकूनही आलेला असतो. यातल्या एकाचीही सहसा गरज नसते.

पहिला प्रश्न: हाताने जोडलं की जोडतं का?

याचं उत्तर 'हो' असेल तर बरंच काही आपोआप निकालात निघतं. सिम ठीक आहे, रिचार्ज आहे, एपीएन (कंपनीच्या नेटच्या दाराचं नाव) बरोबर आहे, मॉडेम (टॉवरशी बोलणारा भाग) जिवंत आहे. बिघाड फक्त 'पुन्हा उचलण्याच्या' कामात आहे आणि तो बहुतेक वेळा सेटिंगमध्येच सापडतो.

उत्तर 'नाही' असेल तर ही वेगळी तक्रार आहे. तिथे आधी एपीएन बघा. जिओचा 'जिओनेट', एअरटेलचा 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम', बीएसएनएलचा 'बीएसएनएलनेट'. सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. सिमला पिन लावलेला असेल तर तोही बघा. पिन असलेलं सिम दर रीस्टार्टला पिन मागतं आणि तो मिळेपर्यंत मॉडेम नेटवर्कवर नोंदच करत नाही. आपण तिकडे 'ऑटोकनेक्ट चालत नाही' म्हणत बसतो. अंदाजाने पिन टाकू नका, तीनदा चुकला की सिम पीयूके (कुलूप उघडायचा कंपनीकडचा आकडा) मागतं.

तिसरीही एक शक्यता आहे आणि ती फसवी आहे: वर 'कनेक्टेड' दिसतं, पण पान उघडत नाही. रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. जोडणी तुटलेली नसते, पण आजकालची वेबसाइट त्या वेगात उघडणं अशक्यच. रात्री बारानंतर सगळं सुरळीत होत असेल तर लॅपटॉप उघडायचीही गरज नाही, पॅक बदला.

दुसरा प्रश्न: जोडायचं काम कोणाचं?

खरी मेख इथे आहे. 'लॅपटॉपवर मोबाइल नेट' हे आपण एकाच नावाने म्हणतो, पण त्यात चार वेगळ्या व्यवस्था येतात आणि प्रत्येकीत पुन्हा जोडायची जबाबदारी वेगळ्याची असते.

लॅपटॉपमध्येच सिमचा खाचा असेल तर ते काम विंडोजचं. यूएसबी डोंगल (सिम घालून यूएसबीच्या खाचात लावायची छोटी काडी) लावल्यावर त्याचंच एखादं सॉफ्टवेअर उघडून त्यात 'कनेक्ट' बटण येत असेल, तर काम त्या सॉफ्टवेअरचं किंवा त्यामागच्या डायल-अपचं. डोंगल लावल्यावर लॅपटॉपला वाटतं की नेटवर्कची वायर जोडली, आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ असा पत्ता टाकला की (इंग्रजी आकड्यांतच टाका) डोंगलचं स्वतःचं पान उघडतं, तर ते डोंगल म्हणजे छोटा राउटर आहे आणि काम त्याचंच आहे. चौथा प्रकार फोनचा हॉटस्पॉट. तिथे दोन दुवे असतात, फोन ते टॉवर आणि लॅपटॉप ते फोन. तुटतो एक आणि आपण दुरुस्त करत बसतो दुसरा.

हे ठरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. राउटरसारख्या डोंगलसाठी विंडोजच्या सेटिंगमध्ये रात्र घालवलेली माणसं मी पाहिली आहेत. तिथे विंडोजकडे करण्यासारखं काहीही नसतं.

लॅपटॉपमध्येच सिम असेल तर

सेटिंग्ज, मग 'नेटवर्क अँड इंटरनेट', मग 'सेल्युलर'. तिथे 'लेट विंडोज कीप मी कनेक्टेड' अशी चौकट असते. ती टिक केलेली हवी. हे सगळ्यांना माहीत असतं असं वाटतं, पण हाताने 'डिस्कनेक्ट' दाबलं की विंडोज ते मनावर घेतं. माणसाला जोडणी नको आहे असं समजून ते स्वतःहून जोडायचं सोडून देतं. डेटा वाचवायला म्हणून गाडीत बसल्यावर डिस्कनेक्ट करायची सवय असेल तर दर वेळी ही चौकट तपासा. त्याऐवजी विमानाच्या चिन्हाचा 'एअरप्लेन मोड' वापरा.

त्याच पानावर 'डेटा रोमिंग' आहे, आणि मुंबईकरांसाठी हा भाग महत्त्वाचा. टेलिकॉमच्या नकाशावर मुंबई हे महाराष्ट्रापासून वेगळं सर्कल, म्हणजे सेवेचा वेगळा विभाग आहे. मुंबई, नवी मुंबई, ठाणे-कल्याणचा पट्टा एका सर्कलमध्ये, आणि कर्जत-लोणावळा ओलांडून पुणं दुसऱ्यात. प्रत्येक सर्कलचा नेटवर्क कोड वेगळा असतो. उदाहरणार्थ एअरटेलचा मुंबईचा कोड ४०४-९२ आणि महाराष्ट्राचा ४०४-९०. फोनवर हा बदल आपल्याला जाणवतही नाही. लॅपटॉपमधलं मॉडेम मात्र पुस्तकी असतं. कोड बदलला आणि सिममधल्या यादीत तो 'घरचा' म्हणून नसला, की त्याच्या दृष्टीने आपण रोमिंगमध्ये आहोत. विंडोजला 'डोन्ट रोम' सांगितलेलं असेल तर ते गुमान गप्प बसतं.

तेव्हा घाटात तुटलेलं नेट पुण्यापर्यंत परत येत नाही, पण परतीच्या प्रवासात कल्याणनंतर सुरळीत होतं, अशी तक्रार असेल तर बोगद्यांना दोष देऊ नका. रोमिंग 'रोम' वर करा. देशातल्या देशात रोमिंगला आता बहुतेक पॅकमध्ये वेगळे पैसे लागत नाहीत, तरी आपल्या पॅकचं एकदा बघून घ्या. परदेशी जाण्याआधी मात्र आठवणीने परत बंद करा. तिथलं बिल बघून घाम फुटतो.

स्टेशनचं वाय-फाय पदर धरतं

विंडोजचा क्रम ठरलेला आहे: आधी वायर, मग वाय-फाय, मग सेल्युलर. वरच्या दर्जाची जोडणी मिळाली की खालची ते सोडून देतं. घरी हे शहाणपणाचं आहे. प्रवासात नाही.

२०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर फुकट वाय-फाय सुरू झालं, आणि तेव्हापासून लाखो लॅपटॉपच्या स्मरणात 'रेलवायर'चं नाव जाऊन बसलं आहे. गाडी प्लॅटफॉर्मवर थांबते, लॅपटॉप ते नेटवर्क पकडतो, ओटीपीचं पान कुठेतरी मागे उघडून वाट बघत राहतं आणि सेल्युलर मागे पडतं. बिनइंटरनेटचं वाय-फाय विंडोजला ओळखता येतं हे खरं. पण थोडंसं, लंगडत चालणारं इंटरनेट असलेलं वाय-फाय ते सोडत नाही. कॉफीच्या दुकानाचं, जुन्या ऑफिसच्या लॉबीचं, बहिणीच्या सोसायटीच्या क्लबहाउसचं, सगळी नावं अशीच साठलेली असतात.

वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मॅनेज नोन नेटवर्क्स' उघडा आणि जी नावं ओळखू येत नाहीत ती सरळ 'फर्गेट' करा. जी कधीमधी लागतात त्यांची 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' ही टिक काढा. सेल्युलरच्या पानावर 'युझ सेल्युलर इन्स्टेड ऑफ वाय-फाय' दिसत असेल तर तिथे वाय-फाय कमजोर असेल तेव्हाचा पर्याय निवडा. माझ्या मते या सगळ्या उपायांत सगळ्यात कमी कष्टाचा आणि सगळ्यात जास्त वेळा लागू पडणारा हाच.

झाकण उघडल्यावर नेट नाही

तक्रार बोगद्याची नसून झोपेची असेल, म्हणजे गाडी बदलताना झाकण मिटलं, पुढच्या गाडीत उघडलं आणि नेट नाही, तर वीज वाचवण्याच्या सेटिंगकडे जा. 'डिव्हाइस मॅनेजर'मध्ये (विंडोजमधली उपकरणांची यादी) 'नेटवर्क ॲडॉप्टर्स'खाली मोबाइल ब्रॉडबँडचं नाव असेल. त्याच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट'चा टॅब असला तर वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढा. डोंगल असेल तर हेच 'यूएसबी रूट हब'साठीही करा, आणि पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमधलं 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. नव्या लॅपटॉपांत हा टॅब कधीकधी दिसतच नाही. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेमचा ड्रायव्हर (विंडोजला मॉडेम चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर) घ्या. विंडोज अपडेटने स्वतःच्या मनाने टाकलेला ड्रायव्हर चालतो, पण झोपेतून उठताना अडखळतो.

इथे एक गोष्ट जवळून बघायची. नेट गेलेलं असताना डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि काही न करता नुसतं बघा. मॉडेमच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल आणि गुणधर्मांत 'कोड ४३' किंवा 'कोड १०' दिसत असेल, तर विंडोजला मॉडेम दिसतो आहे पण तो उत्तर देत नाही. तो ड्रायव्हरचा किंवा विजेचा प्रश्न. नावच गायब असेल तर मॉडेम यूएसबीवरून पडला आहे. नाव व्यवस्थित असेल, त्रिकोण नसेल आणि तरी जोडत नसेल, तर परत वरच्या चौकटीकडे, रोमिंगकडे आणि वाय-फायकडे या. एवढ्या एका नजरेने निम्मी वणवण वाचते.

'शटडाउन करून बघितलं, काही फरक नाही' असं कोणी म्हटलं की मी 'रीस्टार्ट करून बघितलं का' असं विचारतो. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शटडाउन म्हणजे अर्धी झोपच. ड्रायव्हरची जुनी अवस्था साठवून पुढच्या वेळी तीच परत आणली जाते. रीस्टार्ट खऱ्या अर्थाने सुरुवातीपासून सुरू करतं.

आणखी एक: 'सर्व्हिसेस'मध्ये 'डब्ल्यूडब्ल्यूएएन ऑटोकॉन्फिग' नावाची सेवा असते. 'स्पीड वाढवून देणारी' सॉफ्टवेअरं ती कधीकधी बंद करून ठेवतात. ती चालू करा, सुरुवात 'ऑटोमॅटिक' ठेवा, आणि ते सॉफ्टवेअर काढून टाका.

डायल करणारं जुनं डोंगल

इथे क्रमांक '*९९#' असतो आणि जोडणी जुन्या टेलिफोनच्या मॉडेमसारखी डायल होते. डोंगलबरोबर आलेलं सॉफ्टवेअर आणि विंडोजचं सेल्युलर, दोघंही एकाच मॉडेमवर हक्क सांगत असतील तर भांडण होतं. एकच ठेवा. सॉफ्टवेअर काढून विंडोजमधूनच डायल करायचं ठरवलं, तर त्या जोडणीच्या गुणधर्मांत 'ऑप्शन्स'च्या टॅबवर 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड' ही टिक असते. ती लावा, रीडायलची संख्या वाढवा आणि दोन प्रयत्नांमधला वेळ थोडा ठेवा.

तरी जोडत नसेल तर 'इव्हेंट व्ह्यूअर' (विंडोजची नोंदवही) उघडून 'ॲप्लिकेशन'च्या नोंदींत 'रासक्लायंट' (विंडोजचा डायल करणारा भाग) शोधा. जोडणी तुटली की २०२२६ क्रमांकाची नोंद पडते आणि तिच्यात कारणाचा कोड असतो. ८२९ म्हणजे दुवा खालून तुटला, सिग्नल गेला किंवा डोंगलची वीज गेली. ६३१ म्हणजे जोडणी माणसाने किंवा एखाद्या प्रोग्रामने मुद्दाम तोडली. वारंवार ६३१ दिसत असेल आणि तुम्ही हात लावलेला नसेल, तर दोषी लॅपटॉपमध्येच कुठेतरी बसलेला आहे, बहुधा ते डोंगलचं सॉफ्टवेअर. नोंदीतली वेळ गाडीच्या जागेशी ताडून बघितली तर बोगदा कोणता आणि बिघाड कोणता हेही कळतं.

डोंगलवरचा दिवाही बोलतो. बहुतेक मॉडेलमध्ये दिवा लुकलुकत असेल तर नेटवर्कवर नोंद झाली आहे पण डेटा चालू नाही, आणि स्थिर असेल तर डेटा चालू आहे. दिवा स्थिर, रोजचा डेटाही संपलेला नाही आणि तरी पान उघडत नसेल तर तुटलेलं काहीतरी लॅपटॉपच्या बाजूला आहे.

कमजोर सिग्नलमध्ये डोंगल जास्त वीज खातं. यूएसबी २.० चा खाचा ५०० मिलिअँपिअरसाठी बनलेला असतो, आणि स्वस्त हबमधून (एका खाचाचे अनेक करणारी डबी) तीच वीज चार जणांत वाटली जाते. बोगद्याच्या तोंडाशी डोंगल बंद पडून पुन्हा चालू होत असेल तर हब काढा आणि थेट लॅपटॉपला लावा.

राउटरसारखं डोंगल

त्याच्या पानावर जा, जोडणीच्या सेटिंगमध्ये 'ऑटो' निवडा, रोमिंगची टिकही तिथेच असते. झालं.

फोनचा हॉटस्पॉट

आज सगळ्यात जास्त लोक हेच वापरतात. कोणी जोडलेलं नसेल तर अँड्रॉइड काही मिनिटांनी हॉटस्पॉट स्वतःच बंद करतो. लॅपटॉप झोपला की कोणी जोडलेलं नसतं, आणि लॅपटॉप जागा होईपर्यंत हॉटस्पॉट गेलेला असतो. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आपोआप बंद व्हायचा पर्याय असतो, तो काढा. बॅटरी जास्त जाईल, चार्जर बरोबर ठेवा. आयफोनमध्ये हॉटस्पॉट थोड्या वेळाने दिसेनासा होतो. 'पर्सनल हॉटस्पॉट'चं पान उघडून ठेवलं की लॅपटॉपला तो पुन्हा सापडतो. जुना लॅपटॉप असेल आणि हॉटस्पॉटचं नावच यादीत येत नसेल, तर फोनवर २.४ गिगाहर्ट्झ निवडा. आयफोन १२ पासून पुढच्यांत त्यालाच 'मॅक्सिमाइझ कंपॅटिबिलिटी' म्हणतात.

नाहीतर सरळ यूएसबीची वायर लावून टेदरिंग करा, म्हणजे फोनचं नेट वायरीतून लॅपटॉपला द्या. फोन चार्जही होतो. मात्र अँड्रॉइडमध्ये वायर काढून लावली की टेदरिंग पुन्हा हाताने चालू करावं लागतं.

ऑफिसचा व्हीपीएन

नेट आलेलं असतं, पण व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खासगी रस्ता) जुन्या आयपी पत्त्याला, म्हणजे नेटवरच्या जुन्या क्रमांकाला चिकटून बसलेला असतो. त्यात 'व्हीपीएन नसेल तर काहीच जाऊ देऊ नका' अशी कुलूपबंदी असेल तर सगळं मेल्यासारखं दिसतं. व्हीपीएन बंद करून एखादी साधी साइट उघडून बघा. उघडली तर हा लेख इथेच मिटा आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना गाठा. त्यांच्याकडे स्वयंचलित पुनर्जोडणीचा पर्याय असतो, तो त्यांनी तुमच्यासाठी चालू करायचा आहे.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

लिनक्समध्ये जोडायचं काम नेटवर्कमॅनेजरचं. तो ठरावीक वेळाच प्रयत्न करतो, मूळ सेटिंगमध्ये चार, आणि मग काही काळ थांबतो. लांबलचक बोगद्यात हे चार प्रयत्न संपून जातात. जोडणीच्या 'ऑटोकनेक्ट-रीट्राइज'ची किंमत शून्य केली की तो प्रयत्न सोडत नाही. नव्या लॅपटॉपमध्ये झोपेनंतर मॉडेमचा रेडिओच चालू होत नसेल, तर 'एफसीसी अनलॉक' बघा, म्हणजे कंपनीने मॉडेमच्या रेडिओला घातलेलं कुलूप. मॉडेम सांभाळणाऱ्या मॉडेममॅनेजर या प्रोग्राममध्ये १.१८ च्या सुमारापासून हे कुलूप आपोआप उघडत नाही. त्याची स्क्रिप्ट वापरणाऱ्याला स्वतः चालू करावी लागते.

उपाय झाला की तपासायचं कसं

'डिस्कनेक्ट' दाबून तपासू नका, कारण हाताने तोडलेलं विंडोज जोडत नाही, हे वर आलंच. खरा सिग्नल जाऊ द्या. लॅपटॉप उघडा ठेवून लिफ्टने बेसमेंटला जा, एक-दोन मिनिटं थांबा, वर या. एका वेळी एकच सेटिंग बदला, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटनंतर परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

एवढं करून मॉडेम डिव्हाइस मॅनेजरमधून गायबच होत राहिला, तर तो बदलायची वेळ आली आहे. लॅमिंग्टन रोडला स्वस्तात जुनी थ्री-जी डोंगलं अजून मिळतात. ती घेऊ नका. जिओचं नेटवर्क सुरुवातीपासूनच फोर-जी आहे आणि एअरटेलने २०२० पर्यंत थ्री-जी बंद केलं, त्यामुळे त्या डोंगलला पकडायला फारसं काही उरलेलं नाही. फोर-जीचं घेताना त्यावर बँड (सिग्नलच्या लहरींचे पट्टे) ३, ५ आणि ४० आहेत का ते विचारा. लॅपटॉपच्या आतलं कार्ड घ्यायचं असेल तर तुमच्या मॉडेलचा बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) ते स्वीकारतो का हे आधी बघा, काही कंपन्यांचे लॅपटॉप ठरावीक कार्डंच चालू देतात. आणि दुकानातच आपलं सिम घालून, डोंगल काढून परत लावून, कशालाही हात न लावता नेट येतं का ते बघा. पैसे त्यानंतर द्या.